एलएसडी निवडावा कसा? हिंगोलीच्या होतकरू रेसरांसाठी प्राथमिक धडे

सर्वप्रथम नावाची भीती घालवा. 'मला एलएसडी घ्यायचंय' असं जेवताना म्हणाल तर आई ताट बाजूला सारेल. तिला समजावा, ही नशेची गोळी नव्हे. दोन चाकांच्या मधोमध बसणारी दातेरी चक्रांची डबी आहे. पूर्ण नाव लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. किंमत मात्र सांगू नका.

आता मुळात डिफरन्शियल कशाला, ते शिका. औंढ्याचं देऊळ नामदेवांसाठी फिरलं अशी कथा आहे. तुमच्या गाडीसाठी रस्ता फिरणार नाही, चाकांनाच फिरावं लागेल. दोन चाकांत दीड मीटर अंतर धरा. काटकोनातल्या वळणावर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जवळजवळ 2.36 मीटर जास्त पळतं. ते पळू देणं हे डिफरन्शियलचं काम. खोट एवढीच की तो दोन्ही चाकांना सारखाच जोर वाटतो. एक चाक घसरलं की आळशी भावाला जमेल तेवढंच कष्टाळू भावालाही मिळतं.

पटत नसेल तर पावसाळ्यात वसमतकडच्या एखाद्या पांदणीत उभे राहा (पांढरे बूट घालू नका). ट्रॅक्टर रुतलेला असेल. एक चाक काळ्या राड्यात भिरभिरतंय, ट्रॉलीवर चिखल उडवतंय. दुसरं कोरड्या कडेला पाहुण्यासारखं निवांत. मग मामा उजवी टाच एका लोखंडी पेडलवर दाबतात. डिफरन्शियल लॉक लागतो, दोन्ही चाकं एकजीव होतात, ट्रॅक्टर हुंदका देऊन बाहेर. वळायच्या आधी मामा टाच उचलतात, कारण लॉकमध्ये ट्रॅक्टर वळायलाच तयार नसतो.

"हेच का तुमचं एलएसडी? आमच्या टाचंखाली हाय की!"

मामा जवळपास बरोबर आहेत. फरक 'लिमिटेड' या शब्दात आहे: डांबरी रस्त्यावर वळण घेऊ द्यायचं, पण एका चाकाला मोकाट सुटू द्यायचं नाही.

आता खरेदी. क्लच प्लेटवाला प्रकार पकड जबरदस्त देतो, पण प्लेटा झिजतात, खास ऑइल लागतं आणि पार्किंगमध्ये वळताना अशी कटकट करतो की शेजारी गॅरेजचा पत्ता सुचवतात. सिलिकॉन तेलावर चालणारा व्हिस्कस सौम्य, पण चाक घसरल्यावर जरा उशिरा जागा होतो. हेलिकल, म्हणजे टॉर्सनच्या जातीचा, निव्वळ गिअरांवर चालतो. आवाज नाही, झिजायला प्लेटा नाहीत. त्याची खोड ऐका. गुणोत्तर 2.5 असेल तर पकड असलेल्या चाकाला घसरणाऱ्याच्या अडीचपट जोर मिळू शकतो. पण एक चाक हवेत गेलं तर शून्याची अडीचपट शून्यच. आपल्याकडचे काही गतिरोधक तिरके घेतले तर हा प्रयोग फुकट होतो.

चौथा प्रकार एखादा मिस्त्री कानात सांगेल: "वेल्डिंग मारून देतो, दोन तासांत." नको. प्रत्येक वळणाला टायर फरफटतात आणि एक दिवस ॲक्सल बोलतो.

नव्या थारच्या काही मॉडेलांत आणि बोलेरो निओच्या एन10 (ओ) मध्ये मागच्या चाकांना यांत्रिक लॉक कारखान्यातूनच येतो. एक चाक जास्त भिरभिरलं की आपोआप लागतो, वेग वाढला की सुटतो. पांदणीला उत्तम, वळणावर शर्यत लावायला त्याचा उपयोग नाही.

बसवताना एक व्यवहार पाहा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत डबी गिअरबॉक्सच्या पोटात असते. क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरेलच, तेव्हाच हे काम उरका. मजुरी एकदाच पडते. आणि बसवल्यावर जोरात ॲक्सिलरेटर दाबलात तर स्टिअरिंग हाताला ओढ देईल. घाबरू नका, पण एका हाताने फोनही धरू नका.

माझा निकाल: स्विफ्ट किंवा पोलो, रोजचा हिंगोली–वसमत रस्ता, अधूनमधून हौस, तर हेलिकल घ्या. त्याआधी चार चांगले टायर घ्या. टायर बदलल्यावर निम्म्या जणांची घसरण थांबते आणि मग एलएसडीचा विषय घरात निघतच नाही.