सर, पुरवणी!

उन्हाळी परीक्षा सुरू झाली की सोनपेठात दोनच गोष्टींना मागणी असते, थंड पाण्याला आणि पुरवणीला. पाण्याचं समजू शकतो. परभणी जिल्ह्यातलं ऊन कुठल्याही प्रश्नपत्रिकेपेक्षा अवघड असतं. पण पहिला तास संपायच्या आत मागच्या बाकावरून "सर, पुरवणी!" अशी आरोळी येते आणि बाकीच्या वर्गाच्या पोटात गोळा उठतो. ह्यानं एवढं लिहिलं तरी काय? मी समाजशास्त्र शिकवतो, त्यामुळे मला ते न वाचताच कळतं. माणूस हा समाजशील प्राणी आहे, हे त्यानं लिहिलेलं असतं. पहिल्या पानावर ॲरिस्टॉटलच्या नावानं, दुसऱ्यावर स्वतःच्या नावानं आणि तिसऱ्यावर 'थोडक्यात' अशी सुरुवात करून पुन्हा एकदा.

१९९४ साली नांदेडला विद्यापीठ झालं. त्याआधी आमचा जिल्हा औरंगाबादच्या विद्यापीठाकडे होता. विद्यापीठ बदललं, अभ्यासक्रम बदलले, वार्षिक परीक्षेची सेमिस्टर झाली. ॲरिस्टॉटल मात्र पहिल्या ओळीवरून हलला नाही.

उत्तर वितीनं मोजतात, असा आमच्या पोरांचा ठाम समज आहे. त्यामुळे टीप असो की दीर्घोत्तरी प्रश्न, आधी व्याख्यांची रांग लागते. तीत मॅकआयव्हर आणि पेज हे दोघे हटकून असतात. एका उत्तरपत्रिकेत 'मॅकआयव्हर आपल्या पेजवर असे म्हणतात' हे वाक्य मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं आहे. म्हणजे पोरानं पेजसाहेबांना लेखकपदावरून काढून थेट कागद करून टाकलं. खाली दोन रेघा मारून अधोरेखितही केलं होतं.

मागे एकदा स्थलांतरावर निबंध दिला. तांड्यावरचा एक हुशार पोरगा चार पानं लिहून घेऊन आला. ग्रामीण-नागरी स्थलांतर, आंतरराष्ट्रीय स्थलांतर, ढकलणारे घटक, ओढणारे घटक, सगळं नीट क्रमांक घालून. मी विचारलं, "तुमच्या घरचं कुणी स्थलांतर करतं का रे?"

"नाही सर," तो म्हणाला, "आमच्या घरचे ऊसतोडीला जातात."

मी त्याला बसवलं आणि विचारत गेलो. मग पोरगं मोकळं झालं. मुकादमाची उचल जोडीला मिळते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असला की मुकादम नाक मुरडतो, म्हणून लग्नाची घाई. उचल फिटली नाही की पुढच्या साली पुन्हा तोच मुकादम. गाड्या गेल्या की तांड्यावर म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं राहतात, आणि मोठ्या बहिणीची शाळा सुटते. कुटुंब, विवाह, श्रम, कर्ज, शिक्षण: आमच्या अभ्यासक्रमाची निम्मी प्रकरणं त्यानं एका दमात सांगितली.

"मग हे का नाही लिहिलंस?"

"हे गाईडात नाही ना सर!"

आता ह्यावर काय बोलायचं? त्र्यंबक नारायण आत्रे महसूल खात्यात नोकरी करत होते. त्यांनी डोळ्यांसमोरचं गाव पाहिलं आणि १९१५ साली 'गावगाडा' लिहिला. गाईड निघायची वाट पाहत बसले असते, तर गाडा तिथंच रुतला असता.

पोरांना मी आणखी एक गोष्ट सांगतो. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात एका पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं जातिसंस्थेवर निबंध वाचला. नाव भीमराव आंबेडकर. त्यातही व्याख्या आहेत: सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले केतकर. पण बाबासाहेबांनी त्यांना हार घातले नाहीत. एकेकाला समोर बसवून उलटतपासणी घेतली, कुणाचं कुठं अडतं ते दाखवलं, आणि मग जातीतल्या जातीतच लग्न हे जातीचं मर्म, असं स्वतःचं म्हणणं मांडलं. पुढच्या वर्षी तो निबंध 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. व्याख्या भांडायला असते, ओवाळायला नव्हे, हा धडा ह्या एका निबंधात मिळतो.

"सर, परीक्षेच्या आदल्या दिवशी नोट्स हरवल्या," असं रडत येणाऱ्यांसाठी माझ्याकडे एम. एन. श्रीनिवास आहेत. १९७० मध्ये स्टॅनफर्डला त्यांच्या कार्यालयाला आग लावली गेली आणि रामपुरा गावाच्या अभ्यासाची त्यांची टिपणं जळाली. माणसानं आठवणीच्या जोरावर पुस्तक लिहिलं, १९७६ साली ते आलं आणि गाजलं. कारण गाव पाहिलेलं होतं. पाहिलेलं जळत नाही. पाठ केलेलं नुसत्या पंख्याच्या वाऱ्यानंही उडतं.

आता तर सुटकाच नाही. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आणि निबंधाचा पेपरच २५० गुणांचा आला. २०२३ मध्ये हा बदल पुढे ढकला म्हणून पुण्यात मुलं रस्त्यावर बसली होती. आमच्या अभ्यासिकेतल्या पोरांनाही तीच धास्ती. वर्षानुवर्षं गोळे काळे करण्यात गेली; आता सलग वाक्य लिहायचं म्हटलं की चार पर्याय कुठं आहेत म्हणून शोधतात.

तेव्हा पोरांनो, फुकटचा सल्ला घ्या. प्रश्न दोनदा वाचा. 'चर्चा करा' म्हटलं असेल तर दुसऱ्या बाजूलाही बोलू द्या. ग्रामसभेसारखं एकट्यानंच उरकू नका. एका परिच्छेदात एकच मुद्दा, आणि त्याच्याखाली एक उदाहरण: बाजारातलं, तांड्यावरचं, घरातलं. गाईड जरूर उघडा, पण आधी आईला उचलीचा हिशोब विचारा आणि लिहून काढा. तुमचा पेपर तपासणाऱ्यानं त्या दिवशी ॲरिस्टॉटल ढीगभर वेळा वाचलेला असतो आणि तो अर्धवट झोपेत असतो. त्याला जागं केलंत की मार्क आपोआप पडतात.