आज रात्री कुणाची पाळी?

अहो वहिनी, कपडे राहू द्यात दोरीवर, जरा भिंतीपाशी या. कळलं का? मागच्या गल्लीत घरफोडी झाली. ते सर नाहीत का, लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेलेत, त्यांचं घर. कुलूप तसंच लटकतंय आणि कोयंडा कटावणीनं उचकटून काढलेला! कपाटातल्या साड्या उपसून टाकल्या, देवघरातलं चांदीचं ताम्हण नेलं, आणि जाताना फ्रीजमधलं श्रीखंड खाऊन गेले म्हणे. आता श्रीखंडाचं खरं की कुणी मागून शेपूट लावलं, देव जाणे. सांगणारी मात्र डबा स्वतः विसळल्यासारखी सांगत होती.

कॅमेरा होता की! त्यात आंब्याची फांदी झकास दिसते. फांदीआडून दोघं जातात, तोंडाला रुमाल, संपलं. मी म्हणते, सरांच्या दारात चार दिवस पेपर पडलेत, अंगणात पाल्याचा थर, तिन्हीसांजेला दिवा नाही. घर बंद आहे हे चोराला कळलं आणि आपल्या आळीत कुणाला कळू नये? परगावी जाताना ठाण्यात आणि शेजारी सांगून जा, म्हणून पोलीस दर सुट्टीत घसा फोडून सांगतात. आपण स्टेटसला फोटो टाकतो, सहकुटुंब महाबळेश्वर. चोरालाच आमंत्रण की ते.

आणि कोपऱ्यावरच्या आजींचं कानावर आलं का? नाही ना? त्यांनी आठवडाभर तोंडच उघडलं नाही. देवळातून येत होत्या. मोटारसायकलवरचे दोघं आडवे आले. ‘आजी, आम्ही पोलीस. पुढं खून झालाय, तपासणी चाललीय, एवढं सोनं घालून कुठं फिरता?’ तेवढ्यात तिसरा एक वाटसरू आला. त्यानं निमूट गळ्यातली चेन काढून त्यांच्याकडं दिली, त्यांनी कागदात बांधून परत केली. तोही त्यांच्यातलाच! आजींना वाटलं, एवढा शिकलेला माणूस देतोय तर खरंच असणार. पाटल्या काढल्या. पुडी रुमालात बांधून हातात आली, वर ‘घरी जाऊनच सोडा’ म्हणून बजावलं. घरी सोडली तर खडे.

खरा पोलीस रस्त्यात कुणाला दागिने काढायला लावत नाही, एवढं आपल्या सासवांना आणि आयांना दहादा सांगायला हवं. पण मला चुटपूट लागली ती वेगळीच. आजी म्हणाल्या, ‘सुनेला कुठल्या तोंडानं सांगू?’ त्या गप्प बसल्या आणि त्याच आठवड्यात दोन गल्ल्या सोडून दुसरी एक आजी तशीच नागवली गेली. पहिलीनं त्याच दिवशी बोंब मारली असती तर दुसरी सावध झाली असती की नाही?

मुलगा गेला शेवटी तक्रार द्यायला. तिथं ऐकवलं, देऊळ आमच्या हद्दीत येत नाही. घ्या! चोराला हद्द असते होय? अहो, १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू झालाय. हद्द कुणाचीही असो, पहिल्या ठाण्यानं गुन्हा नोंदवून घ्यायचा आणि मग पुढं पाठवायचा. ऑनलाइन कळवलं तरी चालतं, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करायची. मुलानं हे सांगितल्यावर साहेबांनी कागद पुढं ओढला.

पोलिसांचीही दया येते म्हणा. आज गणपती, उद्या निवडणूक, परवा मंत्री, बंदोबस्तातून सुटले तर गस्त घालणार. पण काल मंडळात बैठक झाली तेव्हा मी विचारलं, आपला बीट अंमलदार कोण, सांगा. खोलीभर माणसं, एकाचाच हात वर. तोही का, तर पासपोर्टच्या पडताळणीला ते त्याच्या घरी आले होते!

पोलिसांशी ओळख असली की काय होतं, ते भिवंडीनं दाखवलंय. माझा मामेभाऊ तिथं लूमवर होता. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेलं गाव. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथं उपायुक्त म्हणून आले आणि मोहल्ल्यामोहल्ल्यात कमिट्या काढल्या. हिंदू-मुसलमान, दोन्हीकडची माणसं आणि पोलीस एका सतरंजीवर. विषय काय, तर गटार, नळ, भाडेकरूचं भांडण. बाबरी पडल्यावर मुंबई पेटली आणि भिवंडी शांत राहिली. कारण कोण कुणाचा, कोण कुठं राहतो, हे हवालदाराला माहीत आणि हवालदार लोकांना माहीत. आपल्या अंजनीच्या आबांनी, आर. आर. पाटलांनी, २००७ मध्ये तंटामुक्ती काढली तीही त्याच वाटेनं, गावातला तंटा गावातच बसून मिटवायचा. शहरात मात्र आपण भिंत वाढवतो आणि वर काचा लावतो.

बरं, बैठकीत ठरलं काय? पोरं म्हणाली, रात्री गस्त घालू. चांगलं आहे. पण एकानं लगेच हॉकी स्टिका किती आणायच्या ते विचारलं, आणि दुसऱ्यानं मोबाइल पुढं केला, मुलं पळवणारी टोळी आलीय म्हणून. वहिनी, चोरापेक्षा मला त्या मोबाइलची धास्ती वाटते. २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंग्यात, उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना असल्याच अफवेवर पट्ट्यांनी, काठ्यांनी झोडपलं. बिचारे वाट विचारत होते. आणि धुळ्याकडचं राईनपाडा? १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडची नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षा मागून पोट भरणारी. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारली. मुलं कुणीच पळवली नव्हती.

मी बैठकीत स्पष्ट सांगितलं, डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा झाला तर साध्या नागरिकालाही चोर धरता येतो. पण धरायचा आणि पोलिसांच्या हवाली करायचा, सहा तासांच्या आत, कायद्यातच लिहिलंय. चोपायचा अधिकार कुणाला दिलेला नाही. पोरांना रुचलं नाही. ‘काकू, मग मजा काय?’ म्हणे. मजेला निघालेत म्हणूनच तर हॉकी स्टिका कपाटात ठेवायला लावल्या. प्रत्येक जोडीत एक मोठा माणूस घातलाय आणि बीट अंमलदारांचा नंबर मंडळाच्या फळ्यावर लिहून घेतलाय.

तर आज पाळी तुमच्या घरची, साडेअकरा ते दीड. भावजींना म्हणावं बॅटरी आणि शिट्टी न्या, काठी नको. अनोळखी कुणी दिसलं तर लांबूनच नाव-गाव विचारा, उत्तर पटलं नाही तर ११२ लावा आणि गाडी येईपर्यंत थांबा, अंगाला हात लावू नका. आणि पुढच्या महिन्यात तुम्ही माहेरी जाणार ना? तारीख आत्ताच सांगून ठेवा, पेपर मी उचलीन.