वायूला पाळी कळत नाही

भोपाळच्या युनियन कार्बाइडमध्ये सुरक्षेला माणसं नव्हती असं कोण म्हणेल? होती, काटकसरीत कमी केली, एवढंच. रात्रपाळीच्या देखभाल पर्यवेक्षकाचं पदच काढून टाकलं. विषारी वायूनं दिवसपाळी बघून गळायला हवं होतं!

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री विषारी रसायनाची ६१० क्रमांकाची टाकी तापू लागली, तेव्हा थंड ठेवणारं यंत्र बंद होतं, सुटलेला वायू जाळणाऱ्या मनोऱ्याचा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला होता.

न्याय मात्र घाईगर्दीत झाला नाही. ७ जून २०१० ला सात अधिकाऱ्यांना दोन वर्षं कैद, आणि जामीन त्याच दिवशी. दुर्घटनेनंतर, कारखाने कायद्यातल्या १९८७ च्या दुरुस्तीनं कारखान्याची जबाबदारी संचालकाच्या गळ्यात घातली होती खरी.

मुख्य आरोपी वॉरन अँडरसन खटल्याला कधीच हजर राहिला नाही. २०१४ मध्ये तो फ्लोरिडात वारला, वय ९२.