सरकारसारखा रसिक नाही

मराठीत वाचक उरला नाही, अशी ओरड साहित्य संमेलनात अध्यक्षांच्या भाषणापासून पुस्तकांच्या गाळ्यापर्यंत ऐकू येते. साफ खोटी गोष्ट. एक वाचक आहे. तो पुस्तक विकत घेत नाही (त्या बाबतीत तो अस्सल मराठी), पण वाचतो शब्द न् शब्द. खाली रेघा मारतो, समासात खुणा करतो आणि मजकूर फारच मनात भरला तर जपून ठेवतो. कधी कधी लेखकालाही.

या रसिकाचे घराणे जुने आहे. इंग्रजी अमदानीत मुंबई सरकार दर आठवड्याला देशी वर्तमानपत्रांचा गोपनीय गोषवारा तयार करी. गावातले लोक वर्गणी बुडवीत, संपादक उपाशी मरे, पण त्याच्या अग्रलेखाचे इंग्रजी सार साहेबाच्या टेबलावर वेळेवर पोचे. त्यातल्या कित्येक पत्रांचे अंक आज कुठेच सापडत नाहीत. ती काय म्हणत होती हे कळते ते या गोषवाऱ्यांतूनच. स्वातंत्र्यानंतर तर सरकारने आपल्याच दप्तरातले जुने गोपनीय कागद काढून स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासाची साधने म्हणून खंडच छापले. तेव्हा आपल्यावर पाळत आहे असा संशय येणाऱ्यांनी घाबरू नये. नातवाच्या पीएच.डी.ची सोय होते आहे.

आणि नुसते वाचन नव्हे, मर्मज्ञता पाहा. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ 1907 साली रंगभूमीवर आले. नाटकात लॉर्ड कर्झनचे नावही नाही. विराटाचा दरबार, सैरंध्री, बल्लवाचार्य, सगळा मामला महाभारतातला. पण लंडनच्या ‘टाइम्स’ने उलगडून सांगितले की कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल. इतकी थोडक्यात आणि इतकी अचूक समीक्षा मराठी नाटकाच्या वाट्याला फारशी आलेली नाही. सरकारने 1910 साली नाटकावर बंदी घालून या समीक्षेला अनुमोदन दिले. पुढे आमच्या प्राध्यापकांनी हेच दहा गुणांच्या उत्तरात बसवले.

प्रेमही तसेच. टिळकांच्या 1897 च्या राजद्रोहाच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला समजावले की सरकारविषयी प्रेम नसणे हीच अप्रीती. म्हणजे शिवी द्यायलाच हवी असे नाही, ऊर भरून आला नाही तरी पुरे. सहा युरोपियन ज्यूरर म्हणाले दोषी, तीन हिंदी म्हणाले निर्दोष. टिळकांना अठरा महिने सक्तमजुरी झाली. एकतर्फी प्रेमाला नकार दिला की काय होते, हे मराठी सिनेमाला फार उशिरा सुचले.

स्वराज्यात रसिकता आणखी व्यापक झाली. 2012 च्या नोव्हेंबरात शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, तेव्हा पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर या बंदविषयी प्रश्न केला. तिच्या मैत्रिणीने तो मजकूर ‘लाइक’ केला. अटक दोघींना झाली. पूर्वी हा मान फक्त लेखकाला मिळे, आता वाचकालाही मिळू लागला. त्याच वर्षी व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांच्यावर राजद्रोहाचे कलम लागले होते. ते प्रकरण उच्च न्यायालयात गेल्यावर पोलिसांना जरा शहाणपण सांगावे म्हणून गृहखात्याने ऑगस्ट 2015 मध्ये परिपत्रक काढले. त्यातून अर्थ निघाला असा, की लोकप्रतिनिधीवरची टीकासुद्धा राजद्रोहात बसू शकते! ऑक्टोबरात ते मागे घ्यावे लागले. त्या दोन महिन्यांत आमच्या नगरसेवकाची मान जी ताठ झाली, ती अजून खाली आलेली नाही.

आता या रसिकाचा एकच दोष सांगतो. त्याची आवड फार निवडक आहे. पालघरच्या मुलींना भोवलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66 अ सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी रद्द केले. तरी देशभरातल्या पोलीस ठाण्यांत त्याच कलमाखाली गुन्हे नोंदले जात राहिले. 2021 मध्ये न्यायालयाने आश्चर्य व्यक्त केले, 2022 मध्ये पुन्हा आदेश दिले. तालुक्यातल्या पोराचे स्टेटस मध्यरात्री वाचणाऱ्या यंत्रणेला एक निकाल सात वर्षे वाचायला जमला नाही. निकाल लांबलचक आहे आणि त्यात इमोजी नाहीत, हे मान्य.

महाराष्ट्राच्या जनसुरक्षा विधेयकाचे तेच. संयुक्त समितीने लोकांकडून सूचना आणि हरकती मागवल्या. बारा हजारांवर आल्या. जुलै 2025 मध्ये दोन्ही सभागृहांनी विधेयक मोजक्या दुरुस्त्यांसह मंजूर केले. हरकती कोणी वाचल्याच नाहीत असे मी म्हणणार नाही. उलट मला तीच काळजी आहे. कोणाला काय पटत नाही हे हुडकत पूर्वी साध्या वेशातल्या माणसाला सभेच्या मागच्या रांगेत डास मारत बसावे लागे. इथे बारा हजार लोकांनी आपण होऊन लिहून दिले.

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना या रसिकाची ही निवडक आवड ओळखता आलेली नाही. गटार तुंबल्याचे त्यांचे अर्ज आवक बारनिशीत नोंदले जाऊन शांतपणे निजलेले आहेत. गेल्या महिन्यात वैतागून त्यांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिले, “मंत्रिमहोदय उद्घाटनाला येणार आहेत, तेव्हा काळा झेंडा दाखवतो.” ग्रुपमध्ये सगळे मिळून तेवीस जण, त्यातले निम्मे फक्त सुप्रभात पाठवणारे. उद्घाटनाच्या दिवशी पहाटे गोपनीय शाखेचे हवालदार दारात. हातात नोटीस.

“काका, संध्याकाळपर्यंत आमच्याकडे बसायचं. चहा-नाश्ता आपलाच.”

“अहो, पण माझा गटाराचा अर्ज...”

“कोणता अर्ज?” हवालदाराने प्रामाणिकपणे विचारले. “मेसेज वाचला तुमचा. त्यात गटाराचं काही नव्हतं.”