पायाला थोडा प्ले

रांजणगाव एमआयडीसीत सकाळच्या पाळीला बसमधून उतरणारे सगळे पाय सारखेच दिसतात: काळे, जड, पुढे लोखंडी टोपी घातलेले. सेफ्टी शूज! मीही गेली अकरा वर्षं त्यांतच वावरतोय. त्यामुळे डॉक्टरांनी रिपोर्ट बघून "पळायला लागा" म्हटलं, तेव्हा मला पडलेला पहिला प्रश्न म्हणजे, कशात?

पहिल्या दिवशी सेफ्टी शूज घालूनच पळालो. पाचशे मीटरवर पोटऱ्यांनी संप पुकारला. टपरीवाला चहा गाळता गाळता थांबून बघत होता. आवाजावरून त्याला घोडा अपेक्षित होता.

मी क्वालिटीत काम करतो. मोजल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, ही सवय हाडात मुरलेली. मोबाइलवर वाचलं की बूट घेण्याआधी आपलं पाऊल ओळखावं. पाय ओला करायचा, फरशीवर ठेवायचा आणि ठसा बघायचा. मध्ये कमान दिसली तर पाऊल नॉर्मल, सगळा तळवा उमटला तर सपाट. मी शहाबादी फरशीवर आठ-दहा ठसे उमटवून व्हर्निअर घेऊन बसलो. आई देवघरातून बाहेर आली, खाली बघितलं आणि म्हणाली, "गौरी येऊन गेल्या का रे? पण त्यांची पावलं अशी फताडी नसतात."

निकाल लागला. सपाट!

मग रविवारी पुण्याचं एक मोठं दुकान गाठलं. तिथल्या मुलानं मला ट्रेडमिलवर पळवलं, मागून व्हिडिओ काढला आणि स्क्रीनवर माझ्या टाचेवर लाल रेघ ओढली. पाऊल आधी टाचेच्या बाहेरच्या कडेवर टेकतं आणि मग आत कलतं. या कलण्याला प्रोनेशन म्हणतात. कमी कललं तर सुपिनेशन, जास्त कललं तर ओव्हरप्रोनेशन. "काका, तुम्ही ओव्हरप्रोनेटर आहात," तो हळू आवाजात म्हणाला. आयसीयूबाहेर नातेवाइकांशी बोलतात, तसं. उपाय म्हणून त्यानं आतल्या बाजूला कडक फोम असलेला, पाऊल कलू न देणारा जोड पुढे केला. किमतीत आमच्या घरचा महिन्याचा किराणा बसला असता. मी घेतला. पंधरा दिवसांत गुडघा कुरकुरायला लागला.

आमच्या मेंटेनन्समधले फिटरमामा निवृत्तीला आलेत. त्यांना सगळं सांगितलं. ते बेअरिंगला ग्रीस भरत होते. मान वर न करता म्हणाले, "साहेब, शाफ्टला थोडा प्ले पाहिजेच. एकदम टाइट केलं की जाम होतं. पाय काय वेगळा असतो का?"

मामांनी शोधनिबंध वाचलेले नाहीत, पण शोधनिबंध मामांच्याच बाजूचे निघाले. पाऊल आत कलतं ते धक्का पचवायला. पळताना पावलावर वजनाच्या दोन-तीन पट जोर येतो. अमेरिकी लष्करानं हजारो नव्या जवानांना पावलाच्या आकाराप्रमाणे बूट देऊन बघितले. दुखापती काही कमी झाल्या नाहीत. डेन्मार्कमध्ये 927 नवशिक्या धावपटूंना एकाच प्रकारचे साधे बूट देऊन वर्षभर पळवलं. पाऊल आत कलणाऱ्यांना जास्त इजा झाली नाही. 2015 मध्ये कॅनडातल्या कॅलगरीच्या संशोधक बेनो निग यांनी मांडलं की बूट निवडताना पायाला काय सुखाचं वाटतं, तेच आधी बघावं. आणि फरशीवरचा ठसा? तो उभ्या माणसानं पळण्याबद्दल दिलेला जबाब!

हे कळायला डेन्मार्कपर्यंत जायची गरजही नव्हती. आमच्या पुणे जिल्ह्यातच बारामती. तिथं साठी ओलांडलेल्या लता करे नवऱ्याच्या उपचाराच्या पैशांसाठी नऊवारीत, अनवाणी शर्यत पळाल्या आणि जिंकल्या. त्यांच्या आयुष्यावर 2020 मध्ये चित्रपट आला, त्यात कामही त्यांनीच केलं. त्यांच्या टाचेवर कुणी लाल रेघ ओढली नव्हती.

दिवसभर मी लोखंडाला टॉलरन्स देतो. स्वतःच्या पायाला मात्र शून्य दिला होता!

दुसऱ्या वेळी बूट घ्यायला दुसऱ्या दुकानात, संध्याकाळी गेलो, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. रोजचे मोजे घातले, अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवली, दुकानासमोरच्या फुटपाथवर दोन चकरा मारल्या. जो जोड घातल्याचं विसरलो, तो घेतला. आपल्या भाषेत जोडा चावतो. आणि कुठे चावतो, हे व्हिडिओला कळत नाही.

त्रिपुरासुराशी लढायला निघालेल्या शंकरालाही आधी रांजणगावच्या महागणपतीकडे यावं लागलं, अशी कथा आहे. मी दोन दुकानं आणि एक गुडघा फिरून मग त्याच्याकडे गेलो. नव्या बुटांना तोवर चार महिने झाले होते. संकष्टीची गर्दी होती. पाय धुऊन आत जाणाऱ्यांचे ओले ठसे दगडी फरशीवर उमटत होते: भरलेले, अर्धे, वाकडे, एखादा नुसताच टाचेचा. व्हर्निअर घरी राहिला होता, ते बरंच झालं.

दर्शन घेऊन बाहेर आलो, तर चपलांच्या ढिगात त्याच कंपनीचे, त्याच रंगाचे तीन जोड. मी एकेक उचलून तळ बघितला.

आतल्या कडेनं झिजलेला तो माझा.