शिडीधर

नांदेडहून हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नरसीच्या अलीकडे जे नायगाव लागते, तेथील घरांत शिडी ही वस्तू एकट्याने वापरण्याची रीत नाही. ती वापरायची म्हणजे एक चढणारा आणि एक धरणारा अशी दोन माणसे लागतात, आणि त्या दोघांत मान धरणाऱ्याचा असतो. या धरणाऱ्याला प्रस्तुत विवेचनात शिडीधर म्हटले आहे. गिरिधराने पर्वत एका करंगळीवर धरला होता आणि शिडीधरही शिडी साधारण तेवढ्याच बोटांनी धरतो, हे साम्य नावापुरते पुरे आहे.

शिडीधर वयाने पन्नाशीच्या पुढचा असतो. नात्याने तो घरमालकाचा चुलता असतो, थोरला मेहुणा असतो, किंवा नाते काहीच नसलेला पण सगळ्या गल्लीने ‘मामा’ म्हणून पत्करलेला सेवानिवृत्त शेजारी असतो. मात्र तो स्वतः शिडीवर शेवटचा कधी चढला होता, हे सांगू शकेल असा साक्षीदार गल्लीत हयात नसतो. गुडघे गेले की चढण्याचे काम सुटते आणि सांगण्याचा अधिकार लागू होतो, ही व्यवस्था सर्वमान्य असल्याने त्याला कोणी पुरावा मागत नाही. त्याला बोलवावेही लागत नाही. घरामागच्या बोळातून शिडी ओढताना लोखंडाचा जो खणखणाट होतो, तो कानी पडताच तो अर्धा चहा तसाच ठेवून निघतो, कारण उशीर झाला तर दुसऱ्याच कोणीतरी शिडी धरलेली असण्याची धास्ती त्याला असते.

हा वर्ग कसा उदयाला आला हे समजण्यासाठी घराच्या छताकडे पाहावे लागते. मराठवाड्यातील जुने घर माळवदाचे असे. माळवद म्हणजे दगडमातीच्या जाड भिंतींवर लाकडी तुळया, तुळयांवर किलचन नावाच्या बारीक लाकडांची दाट मांडणी, आणि तीवर पांढऱ्या मातीचा जाड थर देऊन केलेले सपाट छत. दोन तुळयांमधील अंतराला खण म्हणत आणि घराचा मोठेपणा खणांत मोजत. अशा घरात साठवण उंचावर नेण्याचे फारसे कारण नव्हते, कारण भिंतच कोठाराचे काम करी; भिंतीच्या पोटात धान्यासाठी जी पोकळी ठेवत तिला बळद म्हणत, ती वरून भरायची आणि खालच्या तोंडातून लागेल तसे धान्य काढायचे. माळवदावर जाण्यासाठी वाड्यांत भिंतीच्या जाडीतूनच दगडी पायऱ्या काढलेल्या असत, आणि दगडी पायरी कोणी धरून उभे राहावे अशी तिची अपेक्षा नसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद या जिल्ह्यांतील हजारो माणसे मातीत रचलेल्या अशाच दगडी भिंतींखाली आणि जड माळवदांखाली गेली. त्या धक्क्यानंतर, आणि लाकूड परवडेनासे झाले म्हणूनही, ज्याला ऐपत होती तो विटा, सिमेंट आणि स्लॅबकडे वळला. विटेच्या नऊ इंची भिंतीत बळद मावत नाही. तेव्हा साठवणीची जागा भिंतीतून निघाली ती थेट दाराच्या डोक्यावर जाऊन बसली.

तिला लॉफ्ट म्हणतात. साधारण सात फुटांवर भिंतीतून पुढे काढलेली, दोन फूट रुंद आणि तीन इंच जाड अशी ती काँक्रीटची फळी असते. राष्ट्रीय इमारत संहिता लॉफ्टला साठवणीसाठी केलेला मधला मजला मानते आणि त्याची उंची दीड मीटरपेक्षा अधिक नसावी असे सांगते. छतच दहा फुटांवर असल्यामुळे लॉफ्टच्या वाट्याला जेमतेम तीन फूट येतात आणि नायगावात संहितेचे एवढे एक कलम कोणालाही न कळवता पाळले जाते. नकाशा काढणाऱ्याने लॉफ्ट दाखवलेला असतो, मिस्त्रीने तो ओतलेला असतो, परंतु तिथवर पोहोचायचे कसे हा प्रश्न दोघांच्याही हिशेबात बसत नाही. बर्फ पडणाऱ्या देशांत उतरत्या छपराखालील माळ्याला खाली उघडणारे झाकण आणि त्यालाच जोडलेली घडीची शिडी बसवण्याची पद्धत आहे, तिथे दोरी ओढली की शिडी उतरते. नायगावात दोरीच्या जागी शिडीधर आहे, आणि तो न ओढताच येतो.

त्याचे वर्ष लॉफ्टवरील सामानाच्या चालीने चालते. होळी झाली की कूलर उतरतो आणि मृग लागला की चढतो. भाद्रपदात महालक्ष्म्या बसायच्या म्हणून मुखवट्यांची पेटी आणि त्यांचे लोखंडी स्टँड काढावे लागतात, आणि हे काम शिडीधर विशेष सोवळ्या चेहऱ्याने करतो. घटस्थापनेपूर्वी घर धुऊन काढण्याचा जो वार्षिक सोहळा असतो त्यात लॉफ्ट पुरता रिकामा होतो. वाकळा, गाद्या, लग्नात आलेली आणि देणाऱ्याचे नाव कोरलेली पितळी पातेली, थोरल्याच्या बारावीच्या पुस्तकांचे पोते, आणि टीव्ही भंगारात गेल्यावरही ‘असू द्या’ म्हणून ठेवलेला टीव्हीचा खोका. यांपैकी बहुतेक वस्तू खाली येतात त्या फक्त पुसून परत वर जाण्यासाठी. परात दिसली की ती कोणाच्या लग्नातली, त्या लग्नात वराकडचे कोण रुसले आणि कोणी समजूत घातली, हा इतिहास शिडीधर वर उभ्या असलेल्या पोराला सविस्तर ऐकवतो, आणि परात त्या पोराच्याच हातात असल्यामुळे श्रोत्याला निघून जाण्याची सोय राहत नाही.

प्रत्यक्ष धरण्याविषयी बोलायचे तर पहिली दोन मिनिटे तो शिडी नमुनेदार धरतो. त्यानंतर तंबाखूची वेळ होते. चुना लावून तंबाखू मळायला डावा तळहात आणि उजवा अंगठा दोन्ही लागतात, त्यामुळे शिडीचा कार्यभार गुडघ्याकडे जातो; त्याच वेळी मोबाइल वाजला तर तो खांद्याकडे जातो. वरचा पोरगा खाली न पाहता विचारतो, “मामा, धरलंय ना?” उत्तर पिढ्यानपिढ्या ठरलेले आहे: “चढ की. मी हाय ना खाली, कशाला भ्यायलास?” या उत्तरात बोलणाऱ्याच्या अस्तित्वाची ग्वाही आहे, शिडीचा उल्लेखही नाही, ही बाब अभ्यासकाने नोंदवावी अशी आहे.

शिडीचे शास्त्र मात्र अस्तित्वावर चालत नाही. भिंतीला टेकवलेल्या शिडीचा सगळा भरवसा तिच्या पायथ्याच्या घर्षणावर, म्हणजे पाय आणि फरशी यांच्या पकडीवर असतो. चढणारा जसजसा वर जातो तसतसा पायथा बाहेर निसटू पाहतो, म्हणजे धोका शिगेला पोहोचतो तो नेमका तंबाखू मळून तयार होण्याच्या सुमारास. यासाठी जगभर पाळला जाणारा नियम चारास एक असा आहे: टेकण्याची जागा चार फूट उंच असेल तर पायथा तिच्यापासून एक फूट दूर, म्हणजे शिडीचा जमिनीशी कोन साधारण ७५ अंशांचा. सात फुटांच्या लॉफ्टला या हिशेबाने पावणेदोन फूट लागतात. एवढे सोडले तर कपाटाचे दार उघडत नाही, म्हणून घरमालक शिडी जवळजवळ ताठ उभी करतो आणि चढणारा तिच्यासकट मागे कोसळणार नाही ही जबाबदारी शिडीधरावर येते. पूर्वी खाली शहाबादी फरशी होती, तिच्या खरखरीतपणाने निम्मे काम केले. आता गुळगुळीत टाइल आली आहे. त्यावर उपाय म्हणून शिडीधर पायाखाली रिकामे पोते अंथरतो. पोते टाइलवरून शिडीसह सरकते, परंतु त्याच्या मते ते सरकत नसून बसत असते.

या सर्व वर्णनात एक मोठी उणीव आहे आणि ती शिडीधराच्या कानावर घालण्याचे धैर्य कोणी करत नाही. लॉफ्टवरील निम्म्याहून अधिक कामे त्याच्या गैरहजेरीत होतात. दुपारी घरात कोणी नसताना पाहुण्यांसाठी मोठे पातेले लागले तर घरची सून पदर खोचून स्वयंपाकाच्या ओट्यावर चढते, किंवा खुर्चीवर स्टूल ठेवते, आणि एका हाताने खिडकीची सळई धरून दुसऱ्या हाताने पातेले ओढते. साडीतल्या बाईची शिडी परक्या पुरुषाने धरायची नसते, हा संकोच शिडीधरालाही मान्य आहे. परंतु मग ती धरणार कोण, याचा विचार त्याने किंवा सासऱ्याने केलेला नाही. सुरक्षिततेची संस्था केवळ सणावारी आणि पुरुषांसाठी चालत असेल तर तिला संस्था का म्हणावे, हा प्रश्न इथे टाळता येत नाही.

शिडी धरणार कोण, हा प्रश्न अखेरीस सुनेनेच सोडवलेला असतो. ती वेल्डिंगवाल्याला बोलावते. त्याचे काम वर्णन करण्यास सोपे आहे: लॉफ्टच्या कडेला एक आडवा पाइप बसवायचा आणि शिडीच्या वरच्या टोकांचे हूक त्यात अडकवायचे, म्हणजे शिडी हवी तेव्हा लावता येते आणि नको तेव्हा काढून भिंतीला उभी ठेवता येते. पाइप गिलाव्यात, म्हणजे भिंतीवरील सिमेंट-वाळूच्या पातळ लेपात ठोकून चालत नाही. आणि तीन इंची फळीच्या कडेत आडवे भोक पाडले तर काँक्रीटचा टवका उडतो, म्हणून बोल्ट फळीतून उभा आरपार घालून खालून पट्टी देऊन आवळावा लागतो. पायऱ्या गोल सळईच्या नकोत, त्या अनवाणी तळपायात रुततात. चपट्या आणि एकेक फुटाच्या सारख्या अंतरावर हव्यात. पायांना रबरी बूट हवेत. शिडी टेकण्याच्या जागेच्या सुमारे तीन फूट वर जावी असा नियम आहे, पण इथे वर लगेच छत लागत असल्याने त्याऐवजी बाजूच्या भिंतीत धरायला एक मजबूत मूठ बसवतात. कूलर तरीही खांद्यावरून उतरवू नये, दोरीने सोडावा.

शिडीधर या कामाला हजर असतो आणि प्रारंभी त्याचा चेहरा पदावरून दूर केल्यासारखा असतो. त्याची पहिली हरकत तत्त्वाची असते, की शिडीला हूक लागले म्हणजे माणसावरचा विश्वास उडाला. ती कोणी मनावर घेत नाही. दुसरी हरकत अधिक व्यावहारिक असते. शिडी धरताना तो नेहमी शिडी आणि भिंत यांच्यामध्ये, लॉफ्टच्या बरोबर खाली उभा राहतो, कारण वरून निसटलेली परात तिथे पडत नाही. आणि वेल्डिंगवाल्याने तर घरमालकाच्या सांगण्यावरून पायथ्याची खूण लॉफ्टच्या कडेपासून नऊ इंचांवर केलेली असते. “धरणाऱ्यानं उभं कुठं राहायचं?” असे तो विचारतो. हूक आहेत, धरणारा लागतच नाही, हे उत्तर वडीलधाऱ्याला देता येत नसल्याने सर्वजण कपाटाकडे पाहतात. कपाट सरकवले जाते. शिडीधर लॉफ्टखाली उभा राहतो, हात कोपरात दुमडून शिडी धरल्याचा आविर्भाव करतो, पोट मोकळे सोडतो, आणि त्या पोटाला मोकळीक राहील अशा बेताने खडूची दुसरी खूण होते, जी चारास एकच्या नियमाला कोणत्याही ताठ शिडीपेक्षा पुष्कळ जवळ असते. कोन मोजायला तिथे कोणी आलेले नसते.

बोल्ट आवळून, हूक अडकवून झाल्यावर वेल्डिंगवाला शिडी गदगदा हलवून पाहण्याची विनंती करतो. शिडीधर ती प्रथमच दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा असतो आणि सोडण्याची चिन्हे दिसत नाहीत.

“हालतीय का, मामा?”

“मी धरल्यावर हालंल कशी?”