माळ्यावरचे तात्या

रत्नागिरीकडे कुठल्याही वाडीत जा, एक तात्या असतातच. गुडघे धरलेत म्हणून देवळाच्या पायऱ्या चढणं त्यांनी सोडलेलं असतं. पण "गळतंय" एवढं कानावर पडलं की शिडी धरायलाही कुणी लागत नाही.

रोहिणी लागायच्या आत कौलं चाळून झाली पाहिजेत, हा तात्यांचा कायदा. तो कुणी पाळत नाही, त्यावरच त्यांचं महत्त्व टिकून आहे. मृगाची पहिली सर येते, माजघरात पातेली मांडली जातात आणि मग तात्यांना बोलावणं जातं.

आल्या आल्या ते पातेल्याकडे तुच्छतेने बघतात. "पडतं कुठे ते मला सांगू नका. पाणी लबाड. शिरतं एकीकडे, वाशावरून चालत येतं आणि वाट अडली की तिथे उडी टाकतं." सर ओसरून ऊन पडलं की ते माळ्यावर जातात, तेही बॅटरी न घेता. अंधाराला डोळे सरावले की फुटक्या कौलातून उन्हाची तिरीप दिसते. तिथे खडूची एक फुली. उजेड नाही पण रीप काळी पडलीय, तिथे दोन: कौल धड आहे, पण खाचेत पाला आणि शेवाळ साठून पाणी आत उलटतंय. जिथे चाकूचं टोक वाशात विनातक्रार शिरतं, तिथे फुली नाही, नुसतं "अरेरे". ते खाली ऐकू आलं की यजमान पासबुक शोधायला लागतात.

माकडांना तात्या कधी दोष देत नाहीत. "ती उड्या मारणारच. तुम्ही काय केलंत?" तुम्ही गॅस आणलात. चुलीचा धूर वासे कोरडे ठेवायचा, किडीला हाकलायचा, तो गेला. कुणी कौलांखाली प्लॅस्टिकचा कागद घट्ट ताणून घेतला असेल, तर त्याला तात्या हात जोडतात. "छान केलंत. आता गळणार नाही. आतल्या आत कुजेल." मग एखादं मंगळुरी कौल उलटं करून ते छाप वाचतात. बासेल मिशनने मंगळुरात १८६५ साली कौलांचा कारखाना काढला. पुढे कारखाने वाढले, साचे वाढले, आणि एका साच्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसेना. हे सगळं ते पत्रिका जुळवणाऱ्या भटजीच्या गांभीर्याने सांगतात. "स्वस्त मिळालं म्हणून आणलंत ना? नांदायचं नाही."

पण तात्यांचा खरा कस लागतो तो वाटणी झालेल्या घरात. आढं एक, मधे भिंत, दोन भाऊ, विजेचे दोन मीटर. वाटणीपत्रात विहिरीच्या पाळ्या लिहिल्यात, फणसाचे फणस वाटलेत. भिंतीच्या डोक्यावरची कौलांची ओळ तेवढी राहून गेली. दोघेही दरसाल आपापली बाजू भिंतीपर्यंत चाळतात. गळती बरोबर त्या ओळीत, आणि दोन्हीकडे सारखी. दोघांचंही म्हणणं, पाणी पलीकडचं.

इथे तात्या निदान सांगत नाहीत. थोरल्याला कानात म्हणतात, "चूक धाकट्याचीच रे. पण त्याला काय कळतंय? तू वरून दोन कौलं बदल, काम झालं." मग मागच्या दाराने धाकट्याकडे जाऊन तेच, फक्त थोरल्याचं नाव घालून. दुसऱ्या दिवशी दोन शिड्या लागतात आणि दोघे भाऊ आढ्याजवळ समोरासमोर येतात. एकाच्या हातात कौल, दुसऱ्याच्या हातात थापी. उतरायचं तर हार मानल्यासारखं होणार.

"चढलायत तर बसवून टाका की!" अंगणातून तात्या ओरडतात. पैसे ते कधीच घेत नाहीत. थोरल्याच्या ओटीवरचा चहा संपवतात आणि धाकट्याकडे पोहे झालेत का, ते बघायला उठतात.